चौतीस सामन्यांचे व्रत

ऑस्ट्रेलियाहून परतल्याला आता दोन महिने होत आले, तरी भेटणारा प्रत्येक जण तेच तीन प्रश्न विचारतो. कांगारू पाहिला का, सिडनीचे ते शिडांच्या आकाराचे नाट्यगृह पाहिले का, आणि तिकडे शाकाहारी माणसाचे जेवणाखाण्याचे कसे होते. तिन्हींची उत्तरे मी देतो आणि ती एकेका वाक्यात संपतात. मला सांगायचे असते ते निराळेच. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, कॅनबेरा नावाच्या थंड आणि शांत राजधानीत बसून, मी फ्रान्समधील एका फुटबॉल संघाच्या हंगामाचा उत्तरार्ध पाहिला. हे सांगितले की ऐकणारा हसतो. मीही त्याच्या जागी असतो तर हसलो असतो. कऱ्हाडच्या शाळेत चौतीस वर्षे मी संस्कृत शिकवले. वर्गाच्या खिडकीबाहेर मैदान होते, आणि चेंडू आत आला की तास संपेपर्यंत तो माझ्या टेबलाखाली राहत असे. त्या खेळाशी माझा संबंध इतकाच होता.

गुंगालिन, फाल्गुन अखेर

माझी कन्या सुमेधा आणि जावई निखिल कॅनबेऱ्याच्या गुंगालिन या उपनगरात राहतात. निखिल एका सरकारी खात्यात संगणकाचे काम करतो. लाइट रेल नावाची, रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी तांबडी गाडी त्याला शहरात नेते. घरापुढे युकॅलिप्टसची झाडे आहेत, आणि पहाटे मॅगपाय नावाचे काळेपांढरे पक्षी असे काही स्वर लावतात की पहिल्या दिवशी मी संध्येसाठी हातात घेतलेली पळी तशीच धरून ऐकत उभा राहिलो.

त्या दिवसाने मला आणखी दोन धक्के दिले. पूर्वेकडे तोंड करून बसलो की सूर्य माझ्या उजव्या अंगाने चढत जातो, हे मी जन्मभर पाहिलेले. तेथे तो डाव्या अंगाने चढला आणि दुपारी उत्तरेला तळपू लागला. ज्याच्या गतीवरून आपण प्रदक्षिणेची दिशा शिकलो, तोच उलट फिरताना पाहून मी अंगणात नकळत हात जोडले. दुसरा धक्का संकल्पाचा. आपण संकल्पात स्थळ आणि काळ उच्चारतो. चैत्र तोंडावर, सूर्य मीन राशीत आलेला, म्हणजे म्हणायचा वसंत. आणि समोरचा मेपल तर पिवळा पडून पाने ढाळीत होता. मी वसंतच म्हटला, पण त्या झाडाकडे न पाहता.

तिसऱ्या पहाटे मागच्या अंगणात आसन मांडीत होतो, तर कुंपणापलीकडच्या खिडकीत दिवा दिसला. थोड्या वेळाने दार उघडून एक उंच, किंचित लंगडणारे वृद्ध गृहस्थ बाहेर आले. गळ्यात दोन रंगांचा विटका मफलर, हातात कॉफीचा पेला. माझ्याकडे पाहून त्यांनी इंग्रजीत विचारले, "तुमचाही सामना आहे का?"

मला काही उमगले नाही. मी म्हणालो, "नाही. प्रार्थना."

त्यांनी माझ्या आसनाकडे पाहिले. मग म्हणाले, "मग माझंही तेच."

हे एमील. वय एकोणऐंशी. पन्नास वर्षांपूर्वी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान बंदराच्या गावातून सुतारकामासाठी येथे आले आणि येथलेच झाले. पत्नी वारलेली, मुले दूरच्या शहरांत. गावात मागे राहिली ती एक धाकटी बहीण, आन. त्या गावाचे नाव मात्र मला अखेरपर्यंत नीट उच्चारता आले नाही. उच्चारशास्त्र घोकून मोठा झालेला मी; पण ते नाव अर्धे कंठातून, अर्धे नाकातून येते आणि शेवटची तीन अक्षरे नुसती लिहिण्यापुरतीच असतात. मी प्रयत्न केला की एमील डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "जवळ आलात, प्रोफेसर. अजून समुद्र दिसत नाही, पण वास येतोय."

एमील यांचे घर

त्यांनी मला घरी बोलावले. भिंतीवर स्वतः आखलेला मोठा कागद होता, शाळेच्या हजेरीपटासारखा. फ्रान्सच्या सर्वोच्च विभागात अठरा संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. म्हणजे चौतीस सामने, चौतीस ओळी. ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत एकेक ओळ शाईने भरायची. शेवटी सर्वांत खालचे संघ वरून खालच्या विभागात ढकलले जातात. एमील यांच्या गावचा संघ कित्येक वर्षांनी वर आला होता, आणि पंचवीस ओळी भरून झाल्या तेव्हा शेवटून दुसरा होता.

"लहानपणी वडील खांद्यावर बसवून न्यायचे," ते म्हणाले. "तेव्हा आम्ही खालीच होतो. मागे एकदा वर गेलो, तेव्हा मी इथे. या वेळी वर गेलो तर डॉक्टरांनी हा खुबा बदलला आणि म्हणाले, जूनपर्यंत विमान नाही. आमचा संघ सर्वोच्च विभागात, आमच्याच मैदानावर, मी डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. या वर्षी टिकला, तर ऑगस्टमध्ये मी जाणार. आनला तसं सांगून ठेवलंय."

"आणि नाही टिकला तर?"

"पुन्हा वर यायला दहा वर्षं लागतील. माझ्याकडे दहा वर्षं नाहीत, प्रोफेसर."

त्यांनी हे असे सांगितले जसे कोणी दुकान कधी बंद होते ते सांगावे. मी त्या कागदाकडे पुन्हा पाहिले. रिकाम्या नऊ ओळी होत्या.

त्यांच्या पाहण्याची रीत मला सर्वांत विलक्षण वाटली. सामने बहुधा ते झोपेत असताना होत, आणि झोपमोड डॉक्टरांनी वर्ज्य केलेली. म्हणून ते सामना यंत्रावर साठवून ठेवीत आणि पहाटे पाचला उठून पाहत. तोपर्यंत निकालाचा एक शब्दही कानी पडू द्यायचा नाही. फोन बंद करून कपाटात. वर्तमानपत्र, रेडिओ काही नाही. गल्लीतले लोक हे जाणून होते आणि त्या दिवशी त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलत. बहीण प्रत्येक सामन्याला मैदानावर असे, पण भावाचा फोन येईपर्यंत ती मौन पाळी. मी आयुष्यभर ज्ञानामागे धावलो; आणि येथे एक सुतार आपले न जाणणे एखाद्या निरांजनाच्या ज्योतीसारखे दोन्ही हातांनी जपत होता. मला त्यांच्यापुढे फार लहान वाटले.

पुढच्या सामन्यापासून माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी लागली. संध्या आटोपून मी जाई, आणि मगच ते सामना लावीत. ते कुट्टू नावाच्या धान्याच्या पिठाची मोठी, कागदासारखी पातळ धिरडी करीत, त्यांच्या गावाकडची. त्यात अंडे फोडायची रीत, पण माझ्यासाठी त्यांनी एक कोरा तवा विकत आणला आणि त्यावर कोणी अंडे फोडू नये म्हणून तो वेगळ्या खिळ्याला टांगला.

घरी चेष्टा सुरू झाली. निखिल म्हणे, "बाबा, ती टीम बॉटमला आहे. नो चान्स. तुम्ही दुसरी कुठली तरी पकडा." माझ्या पत्नीने तर एमील यांना भाऊजीच करून टाकले. "एमीलभाऊजींसाठी थर्मास भरताय वाटतं पहाटे? पन्नास वर्षं झाली लग्नाला, मला कधी घोटभर चहा मिळाला नाही तो."

पॅरामॅटा, चैत्र

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी आम्ही दोन दिवस सिडनीजवळच्या पॅरामॅट्याला गेलो. वाटेतले माळ सोनेरी वाळलेल्या गवताचे, मैलोगणती निर्मनुष्य, आणि त्यावर एवढे आकाश की ते आपल्याकडच्या आकाशाहून मोठे असावे असा भ्रम होई. पॅरामॅट्याला मात्र उंच कचेऱ्या, गाड्या, गर्दी. एका शाळेच्या सभागृहात शेदीडशे मराठी माणसे जमली होती. कडुनिंबाची पाने कोणाच्या तरी परसातून आली होती, गुढीची काठी पडद्याच्या नळीची होती, आणि श्रीखंड अगदी पुण्याचे. मुले पायरीवर बसून इंग्रजीत भांडत होती. या सगळ्याने मन भरून आले.

रविवारच्या त्या पंगतीतच निखिलने फोन पाहिला आणि तो ओरडला, "बाबा! बिग न्यूज! तुमची टीम जिंकली. टॉपच्या टीमला त्यांच्या ग्राउंडवर हरवलं!"

मला किती हर्ष झाला ते सांगत नाही. श्रीखंडाची वाटी हातून सुटता सुटता राहिली. परतताना पॅरामॅट्यालगतच्या मिठाईच्या दुकानात गाडी थांबवून मी अर्धा किलो पेढे घेतले. गाडीत सुमेधा म्हणाली, "बाबा, आधी विचारा हं त्यांना, मॅच बघितली का ते."

"अगं, रविवार संपत आला," मी म्हणालो. "पहाटे पाचला पाहून ओळसुद्धा भरली असेल त्यांनी."

संध्याकाळी घरी पोहोचताच, बूटही न काढता, मी पेढ्यांचा डबा घेऊन एमील यांच्या दारी गेलो. त्यांनी दार उघडताच एक पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणालो, "अभिनंदन! आमच्याकडे शुभवार्ता कळली की आधी तोंड गोड करतात."

ते पेढ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या खांद्यावरून मला आतली खोली दिसली. टीव्ही बंद होता. समोर दोन खुर्च्या मांडलेल्या, मध्ये दोन पेले पालथे घातलेले, आणि नवा तवा खिळ्यावरून काढून चुलीवर ठेवलेला.

"म्हणजे जिंकलो," ते हळूच म्हणाले.

मी पेढ्यांचा डबा मिटला.

"मी पहाटे पाहिला नाही. म्हटलं, प्रोफेसर संध्याकाळी येतील, मिळून पाहू. दिवसभर घराबाहेर पडलो नाही."

त्या हंगामातला सर्वांत मोठा विजय. त्यासाठी त्या माणसाने आणखी एक संपूर्ण दिवस अज्ञानाचे व्रत वाढवले, ते माझ्यासाठी. आणि मी ते अर्धा किलो पेढ्यांनी मोडले. माझ्या हातून विद्यार्थ्यांवर, क्वचित घरच्यांवरही अन्याय झाले असतील, पण इतक्या निर्मळ मनाने केलेला एवढा मोठा अपराध मला आठवत नाही.

एमील यांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश चघळला. "फार गोड आहे," असे म्हणून ते आत वळले. "या. जिंकलो एवढंच कळलंय. कसं जिंकलो ते अजून माझं मलाच पाहायचंय."

आम्ही सामना पाहिला. त्यांच्या गोलरक्षकाने अकरा-बारा वेळा स्वतःला हवेत झोकून दिले. प्रत्येक वेळी, शेवटी आपणच जिंकणार हे ठाऊक असूनही, एमील खुर्चीचा हात घट्ट धरीत होते. ते माझ्या समाधानासाठी की खरोखरच्या भयाने, हे मी विचारले नाही.

घरी पत्नीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, जन्मभर कुणा पोराला परीक्षेत उत्तर सांगितलं नाहीत. आणि इथे येऊन सांगितलंत तेही पेपर सुटायच्या आधी!"

पुन्हा गुंगालिन

दुसऱ्या दिवशी मी एमील यांना म्हणालो, "व्रतभंग माझ्या हातून झाला. आमच्याकडे त्याला प्रायश्चित्त असते. ते तुम्ही सांगायचे."

ते हसले नाहीत. त्यांनी बराच विचार केला. "शेवटचा सामना," ते म्हणाले. "त्या दिवशी नऊच्या नऊ सामने एकाच क्षणी सुरू होतात, म्हणजे कोणत्याही संघाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळता येत नाही. तिकडे रात्रीचे नऊ, इथे पहाटेचे पाच. तो साठवून नाही, थेट पाहायचा. तुम्ही पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत त्या खुर्चीत."

पहाटेचे पाच ते जवळजवळ सात. माझी संध्येची वेळ. मुंज झाल्यापासून ती मी चुकवलेली नाही, तापातही नाही. मी विचारले, "मध्ये थांबतात ना थोडा वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"मग मान्य."

एप्रिलमध्ये झाडे उघडी होत गेली. पहाटे श्वासाची वाफ दिसू लागली. संघ दोनदा हरला, तीनदा बरोबरीत सुटला, एकदा शेवटच्या मिनिटाला जिंकला आणि त्या दिवशी एमील यांनी खुर्चीतून उठून मला मिठी मारली. त्यांच्या मफलराला लोकरीचा आणि कॉफीचा वास होता. कागदावर एकच ओळ रिकामी उरली तेव्हा हिशेब अगदी सोपा झाला होता. जिंकले तर टिकले. बरोबरी झाली तरी गेले.

वैशाखातली एक पहाट

त्या दिवशी गवतावर पांढरे दहिवर गोठले होते आणि पायाखाली ते कुरकुरत होते. पत्नीने थर्मास भरून हाती दिला. "भाऊजींना सांगा, मी देवापाशी दिवा लावलाय. आणि तुम्ही तोंड उघडू नका आज."

पाच वाजले. पडद्यावर ते लहानसे मैदान दिसले, त्याच्यामागे बंदरातल्या माल उचलणाऱ्या यारीचे टोक, आणि उन्हाळ्याच्या दारातला लांबलेला उजेड मावळत असलेला. एकाच क्षणी तेथे संधिकाल होता आणि आमच्याकडे उषःकाल व्हायचा होता. एमील यांनी बोटाने दाखवले, "ती तिथे. दुसऱ्या जिन्याजवळ. आन तिथे बसते." मला ठिपक्यांखेरीज काही दिसले नाही. त्यांना दिसत असावे.

चाळिसाव्या मिनिटाला त्यांच्या संघाने गोल केला. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून मान खाली घातली.

मध्यंतर होताच मी बाहेर गेलो. आकाशात अजून नक्षत्रे होती, म्हणजे काळ उत्तम होता. आचमनाचे पाणी ओठांना चटका लावण्याइतके गार. अर्घ्य दिले, जप केला. डोळे उघडले तर एमील दारात माझा पंचा घेऊन उभे होते, मुलाने धरावा तसा दोन्ही हातांवर.

"सांगितलंत का त्याला? अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत म्हणून?"

"या उपासनेत बुद्धीखेरीज काही मागत नाहीत," मी म्हणालो.

"मग बचावफळीसाठी मागा. तिथे तिचीच कमी आहे."

उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांनी आमच्या गोलपुढे तळ ठोकला. सत्तर मिनिटे झाली, ऐंशी झाली. गोलरक्षक पुन्हा पुन्हा हवेत झेपावत होता. मला जाणवले की मी माझ्या उपरण्याचे टोक पिळतो आहे. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू कोणाच्या तरी पायाला लागून वळला, आणि गोलरक्षक ज्या बाजूला पडला होता त्याच्या दुसऱ्या बाजूने, अगदी सावकाश, आत गेला.

बरोबरी. उरलेली मिनिटे कशी गेली ते सांगता येत नाही. शेवटची शिटी झाली आणि खेळाडू जेथे होते तेथेच गवतावर बसले.

मला वाटले होते की लोक आता निघून जातील, किंवा शिव्या देतील. कोणीही हलले नाही. मग एका कोपऱ्यातून गाणे सुरू झाले, आणि हळूहळू सारे मैदान उभे राहून गाऊ लागले. विजयगीत असावे तसे, पूर्ण आवाजात. गवतावर बसलेल्या मुलांना उद्देशून.  मी मोठमोठ्या देवालयांतून आरत्या ऐकल्या आहेत. त्या वेळी देव सिंहासनावर असतो. पडलेल्या दैवतापुढे उभे राहून अशी आरती मी प्रथमच ऐकली.

एमील उठले. खुब्यावर हात ठेवून, सरळ उभे राहून, ते त्या हजारोंबरोबर फाटक्या आवाजात गायले. मला भाषा येत नव्हती. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, कारण बसून राहणे अशक्य होते.

गाणे संपले. ते स्वयंपाकघरात गेले, चेहऱ्यावर पाणी मारून परत आले. शेवटची ओळ भरली. मग त्यांनी कपाटातून फोन काढून सुरू केला, आणि तो सुरू होताच वाजला. आनचा होता. हंगामात प्रथमच तिने आधी फोन केला होता.

ते ऐकत राहिले. मला वाटले, आता हा माणूस कोसळेल. त्याऐवजी त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तो हसण्याचा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते हसत होते.

"काय म्हणते?" मी विचारले.

"ती म्हणते, वर्षभर तिकिटांसाठी मारामारी होती. आता खाली गेलो, तर तुला हवी ती खुर्ची मिळेल. ये. मी माझ्या शेजारची धरून ठेवते."

"मग?"

त्यांनी फोनमध्ये दोन शब्द सांगितले. त्यांची भाषा मला येत नाही, पण ते दोन शब्द कळले.

आम्ही दोन दिवसांनी भारतात परतणार होतो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्याकडे प्रवासाला चांगला दिवस काढतात म्हणे. ऑगस्टमधला एखादा काढून द्या."

मी पंचांग बरोबर नेले होते. ते उघडून आषाढ-श्रावणाची पाने पाहिली. पन्नास वर्षे मी कित्येकांना असे दिवस काढून दिले आहेत. तिथी पाहिली, वार पाहिला, मग ते मिटून पिशवीत ठेवले.

"तुमच्या सामन्यांचे वेळापत्रक लागू दे," मी म्हणालो. "तुमच्या मैदानावर पहिला सामना असेल, त्याच्या आदल्या दिवशी गावात असा. याहून चांगला दिवस मला काढता येत नाही."